म्हातारा का थांबला

माझं आणि बायकोचं सगळ्यात जुनं भांडण एका सिनेमावरून होतं. लग्नाच्या आधी सुरू झालेलं, आणि ती गेली तोपर्यंत मिटलं नव्हतं. सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला त्याचं स्वतःचं काहीतरी आठवायला लागतं आणि मला सांगायचं ते बाजूला राहतं. तसाही तो फार गाजलेला सिनेमा नव्हता. परदेशी, हिंदीत डब केलेला. ठाण्यातल्या एका जुन्या थिएटरला थोडे दिवस लागला आणि उतरला. ते थिएटरही आता नाही, तिथे टॉवर आहे.

गोष्ट साधी होती. दूरच्या एका बर्फाळ ग्रहावर थोडी माणसं राहायला गेलेली असतात. त्यांच्याबरोबर विहीर खणायचं एक यंत्र असतं. चालता-बोलता रोबोच, पण देखणा वगैरे नाही. कमरेत वाकलेला, लांब हातांचा, चालताना गुडघे कुरकुरणारा. माझी बायको पहिल्यापासून त्याला म्हातारा म्हणायची. म्हातारा विहीर खणतो, पाणी लागतं, पण ते पिण्याजोगं निघत नाही. माणसं आजारी पडू लागतात. त्यांची डॉक्टर, एक वयस्क बाई, मरते. तिला तिथेच बर्फात पुरतात. शेवटी उरलेले सगळे यानात बसतात. यान चालवणारी तरुण मुलगी दारात उभी राहून म्हाताऱ्याला म्हणते, "चल." शिडी अजून खालीच असते, वेळही असतो. म्हातारा एक पाऊल टाकतो आणि थांबतो. डॉक्टरबाईला पुरलं त्या बाजूला मान वळवून बघतो. मग यानाचं दार बाहेरून लावतो. यान उडतं. सिनेमा संपतो.

बायकोचं म्हणणं, तो थांबला, कारण त्याला थांबावंसं वाटलं. माझं म्हणणं, दार बाहेरून लावायचं होतं, ते कोणीतरी लावायला हवं होतं, आणि यंत्राला तसं शिकवून ठेवलेलं असणार.

"अगं, यंत्र आहे ते," मी म्हणायचो.

"मग मान का वळवली त्याने?" ती विचारायची.

याला माझ्याकडे कधीच नीट उत्तर नव्हतं. पण म्हणून मी हरलो असंही मी कधी मानलं नाही.

तो सिनेमा आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोघंही ठाण्यात कॉलेजला होतो. ती कोपरीची, मी ठाकुर्लीचा. माझे वडील रेल्वेत, आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. प्रॅक्टिकल आहे असं घरी सांगून ती आलेली. शेवटी यान उडालं तेव्हा ती रडायला लागली. मला वाटलं, दिवे लागले की थांबेल. थांबली नाही. स्टेशनच्या पुलावर पोचलो तरी रुमाल नाकाला लावलेला. मी तिला उसाचा रस पाजला, काहीबाही बोललो, आणि ती तशीच लाल डोळ्यांनी पूर्वेला उतरून घरी गेली.

घरी तिच्या आईने तिला दारातच गाठलं. काय झालं, कोण काय बोललं. हिने सरळ खरं सांगून टाकलं की सिनेमाला गेले होते आणि त्यात एक यंत्र बर्फात एकटं मागे राहिलं म्हणून रडू आलं. आईला ते पटणं शक्यच नव्हतं. यंत्रासाठी कोण रडतं? तिने मनाशी ठरवलं की बरोबर कोणी मुलगा असणार आणि त्याने हिला काहीतरी लागेल असं बोललेलं असणार. यातलं अर्धं खरं होतं.

पुढे मी रीतसर त्यांच्या घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी चहा दिला, पोहे दिले, माझ्या आईची चौकशी केली. पण या माणसाने आपल्या मुलीला एकदा रडवलंय, असं काहीतरी त्यांच्या नजरेत होतं. लग्न झालं, आम्ही डोंबिवलीत राहायला लागलो, वर्षं गेली. सासूबाई माझ्याशी कधी वाकड्यात शिरल्या नाहीत. दर दिवाळीला मला शर्टाचं कापड घ्यायच्या. तरी ती नजर पूर्णपणे कधी गेली नाही. बायको म्हणायची, "तिला किती वेळा सांगितलं मी. ती ऐकतच नाही."

डोंबिवलीत एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, ती ठाण्यात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये. आम्हाला मूल झालं नाही. त्यासाठी जे काय करायचं ते करून झाल्यावर आम्ही दोघांनीच राहायची सवय करून घेतली. त्या सवयीत हा सिनेमाही होता. आधी भाड्याची कॅसेट, मग सीडी, मग केबलवर अधूनमधून लागायचा तेव्हा. केबलवाले मध्ये इतक्या जाहिराती घालायचे की म्हाताऱ्याने पाऊल टाकलं की साबण यायचा. ती चिडायची आणि तरी बघत बसायची. बघून झालं की पोळ्या करताना वाद. कधी कधी मी मुद्दाम काढायचो. तिला खरोखर राग येतोय असं वाटलं की तिच्या बाजूचं काहीतरी बोलून बघायचो, तर ती म्हणायची, "तू उगाच माझ्या बाजूने येऊ नको. तुला ते पटलेलं नाही." तेही खरंच होतं.

याचा दुसरा भाग येणार, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी उठायची. मग बारगळायची. तिला तो यायला हवा होता असंही नाही. ती म्हणायची, पहिल्यातच सगळं झालंय, आता हे लोक येऊन त्यात काहीतरी बिघडवणार. पण बातमी आली की आधी तीच मला फोन करायची, लॅबमधून, भर दुपारी. "नको यायला," म्हणायची, आणि लगेच, "पण आला तर पहिल्या दिवशी जायचं हां."

मग ती आजारी पडली. त्याचं सगळं मी सांगत नाही, बहुतेक घरांना ते माहीत असतं. आधी पोटात दुखणं, मग तपासण्या, मग ठाण्यातलं हॉस्पिटल, आणि डॉक्टरांनी हळूहळू वाक्यं आखूड करत नेणं. सासूबाई कोपरीहून रोज डबा घेऊन यायच्या. मऊ भात, सोलकढी, कधी तांदळाची पेज. ती दोन घास खायची आणि आईचं लक्ष दुसरीकडे गेलं की डबा माझ्याकडे सरकवायची. मी तिथेच बाकावर बसून तो संपवायचो, म्हणजे सासूबाईंना रिकामा डबा दिसेल. त्यांना ते माहीत होतं असं मला आता वाटतं.

तिथेच एका दुपारी तिला फोनवर कळलं की दुसरा भाग खरोखर तयार झालाय आणि पुढच्या उन्हाळ्यात येतोय. पहिल्यातली यान चालवणारी नटीही त्यात होती, आता म्हातारी झालेली. बायकोने फोटो मोठा करून करून बघितला. "छान दिसते गं ही," असं स्वतःशीच म्हणाली. मग फोन उशीखाली सरकवला. पुढचा उन्हाळा म्हणजे किती लांब, याचा हिशोब आम्ही दोघांनीही केला असणार, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला जमलं नाही तर तू जा."

मी म्हटलं, जमेल की. असं काहीतरी म्हणायचंच असतं.

"नाही, तू जा. पण म्हाताऱ्याचं काय केलं त्यांनी, ते मला सांगू नकोस."

मी हसलो. तीही हसली. तिला काय म्हणायचं होतं ते मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं. सिनेमाआधीच तिला गोष्ट फोडून सांगू नये, एवढंच मला वाटलं.

पावसाळा संपता संपता ती गेली.

पुढचे महिने मी कामावर जात राहिलो. रविवारी सासूबाईंकडे जायचो. त्यांना दुसरं कोणी नव्हतं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले, आणि ही एकुलती एक. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि बोलायला विषय शोधायचो. पाण्याची वेळ बदलली. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायचं म्हणते. मासळी महाग झाली. तिचं नाव निघालं की दोघांपैकी एक जण उठून पाणी आणायला जायचा.

सिनेमा येतोय हे मला कळलं होतं. ऑफिसमधले पोरगे त्याचा ट्रेलर बघत होते, तेव्हा मी चहा घ्यायला बाहेर गेलेलो. जायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकट्याने जाऊन तिथे बसायचं, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, आणि घरी परत आल्यावर वाद घालायला कोणी नाही. कशाला?

मग सासूबाईंचा फोन आला. त्यांनी पेपरात जाहिरात पाहिलेली. म्हणाल्या, "तो तिचा सिनेमा परत आलाय ना?"

मी सांगितलं की परत नाही, त्याचा पुढचा भाग आलाय.

"मला न्याल का?"

सासूबाईंनी शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिला असेल, त्यांचं त्यांनाच माहीत. मी म्हटलं, आई, तुम्हाला नाही आवडणार, आवाज फार असतो, शिवाय पहिला पाहिल्याशिवाय काही कळायचं नाही. यावर त्या शांतपणे म्हणाल्या, मग आधी पहिला दाखवा.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन कोपरीला गेलो. जेवणं झाल्यावर त्यांच्या टीपॉयवर तो ठेवला, पडदे ओढले. त्या खुर्चीवर ताठ बसल्या, चष्मा पुसून घातला. मधूनमधून विचारत होत्या: ही डॉक्टर का? हा खणणारा आहे तो माणूस आहे की मशीन? मी उत्तरं देत होतो. एकीकडे मी स्वतःही सिनेमा बघत होतो आणि मला जरा वाईट वाटत होतं. आमच्या दोघांच्या डोक्यात जो सिनेमा होता त्यापेक्षा हा छोटा होता. बर्फ थर्माकोलचा वाटत होता. मधला भाग रेंगाळलेला. माणसं उगाच लांबलचक बोलत होती. हे सगळं तेव्हाही तसंच असणार, आम्हाला दिसलं नव्हतं.

शेवट आला. मुलगी दारात उभी राहिली, म्हणाली, "चल." म्हाताऱ्याने पाऊल टाकलं, थांबला, मान वळवली. आणि लगेच दार लागलं. ते मान वळवणं इतकं छोटं होतं की मला धक्काच बसला. माझ्या आठवणीत तो कितीतरी वेळ तिकडे बघत उभा असायचा. बोलून बोलून, भांडून भांडून आम्हीच ते लांबवत नेलं असणार. आता दुसरा भाग काढणाऱ्यांना या सिनेमाशी बरोबरी करायची नव्हती. आमच्यासारख्या लोकांनी घरोघरी जो वाढवून ठेवला होता त्याच्याशी करायची होती. ते कोणाला जमणार?

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढलेला. पदर डोळ्यांना लावून त्या बसल्या होत्या. मी पाणी आणायला उठलो तर हाताने बस म्हणून खूण केली.

"म्हणजे खरंच याच्यासाठी रडली होती ती," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"मला वाटलं तुम्हीच काहीतरी बोललात तिला. इतकी वर्षं."

त्या म्हणाल्या, "पोरगी खरं सांगत होती आणि मी तिला खोटारडी म्हटलं, दोन दिवस बोलले नाही तिच्याशी." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला, पण बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी लॅपटॉप मिटून, पडदे सरकवून बसून राहिलो. रागावण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एवढंच वाटलं की हे दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर तिने या सोफ्यावर बसून आईला किती छळलं असतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही ठाण्यातल्या एका मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, अंबाडा नीट बांधून तयार होत्या. सरकत्या जिन्याला घाबरतील म्हणून मी लिफ्टकडे वळलो, तर म्हणाल्या, इकडूनच जाऊ. आणि माझा दंड धरून चढल्या. त्यांनी माझा हात धरण्याची ही पहिलीच वेळ होती, स्मशानातून परत आलो तो दिवस सोडला तर.

थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. माझ्या वयाची माणसं बरीच, काही जण मुलांना घेऊन आलेले. सुरुवातीला जुनं संगीत वाजलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग जुनं यान दिसलं, टाळ्या. जुनं हेल्मेट दिसलं, शिट्या. नटी म्हणाली, "चल," तेव्हा तर मागच्या रांगेतला एक जण तिच्याबरोबर ओरडला. हा शब्द त्यांनी पुढे इतक्या वेळा वापरला की नंतर नंतर त्यात काही उरलं नाही. पहिल्या सिनेमात एक म्हातारा होता. इथे कंपनीने तसे शेकडो केलेले, चकचकीत, एकमेकांवर आदळणारे, जळणारे. सासूबाईंनी कानांवर पदर घेतला.

तरी एक प्रसंग चांगला होता. ती यान चालवणारी, आता म्हातारी, परत त्या ग्रहावर पोचते. आपला म्हातारा तिला विहिरीपाशी सापडतो, गंजलेला, अर्धा बर्फात. ती हातातला मोजा काढते आणि उघडा हात त्याच्या हातावर ठेवते. संगीत नाही, बोलणं नाही. त्या बाईचा हात खरा होता, शिरा वर आलेला, सुरकुतलेला. कॉम्प्युटरवर काढलेला नव्हता. या जागी बायकोने माझं मनगट घट्ट धरलं असतं हे मला इतकं स्पष्ट कळलं की मी हात खुर्चीच्या दांडीवरून मांडीवर घेतला. तिथे सिनेमा संपला असता तर मी आजही म्हटलं असतं की हा पहिल्याच्या तोडीचा आहे.

पण तो संपला नाही. त्या बाईची मुलगी म्हाताऱ्याच्या छातीतून एक पट्टी काढून कुठल्याशा मशीनला लावते आणि पडद्यावर सगळं उलगडतं. कंपनीला ग्रहाखाली काहीतरी मौल्यवान असल्याचं आधीपासून माहीत असतं. माणसं गेली तरी यंत्राने तिथेच थांबायचं, खुणेचा संदेश पाठवत राहायचं, असा हुकूम त्यात आधीच भरलेला असतो. आणि मान? तीही त्यांनी सोडली नाही. खाण ज्या दिशेला होती तिकडे त्याने अंतर मोजायला मान वळवली होती. डॉक्टरबाईला नेमकं त्याच बाजूला पुरलं होतं, एवढाच योगायोग.

लोकांना आवडलं ते. माझ्या शेजारचा मुलगा त्याच्या मित्राला म्हणाला, "भारी जोडलंय यार."

मी बसलो होतो तसाच बसलो. इतकी वर्षं मी जे म्हणत होतो ते बरोबर निघालं होतं. यंत्र आहे ते. शिकवून ठेवलेलं असणार. माझंच वाक्य कोणीतरी करोडो खर्चून पडद्यावर लावलं होतं, आणि मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. तेव्हा मला कळलं की मला हे भांडण जिंकायचं कधीच नव्हतं. तिने म्हणायचं की तो थांबला, मी म्हणायचं की नाही, आणि उद्या परत. एवढंच हवं होतं. हॉस्पिटलमध्ये तिने सांगू नकोस म्हटलं ते का, तेही तेव्हा कळलं. आपलं खोटं ठरणार, असं तिला कुठेतरी वाटत असणार.

सासूबाई माझ्याकडे झुकल्या. "म्हणजे त्याला थांबायला सांगितलेलं होतं?"

"हो."

"कोणी?"

"कंपनीने."

त्या मागे टेकल्या. उरलेला सिनेमा आम्ही पाहिला की नाही कोण जाणे. पडद्यावर जळत होतं बरंच काही.

बाहेर आल्यावर त्यांना चहा हवा होता. वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं होती, तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आजूबाजूला कॉलेजची पोरं, वाढदिवसाचा केक कापणारं एक कुटुंब. कागदी कपात चहा आला, गोड मिट्ट. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"हे यांनी मागाहून ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पहिला केला तेव्हा असं काही त्यांच्या मनात नव्हतं. ते बघून कळतं."

मी म्हटलं, असेल.

"असेल नाही, तसंच आहे. तो त्या बाईसाठीच थांबला." आणि मग सहज बोलल्या, आपण बाजारातून येताना बोलतो तसं, "बरं झालं, तिने नाही बघितला हा."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांना ऐकू आलं. कप खाली ठेवला. हात तोंडावर गेला. माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच त्यांना त्यातून बाहेर काढू शकणार होतो.

"काय बोलले मी हे," त्या म्हणाल्या. "बरं झालं म्हणाले मी."

मी सांगितलं की तसं नव्हतं म्हणायचं तुम्हाला. त्या ऐकत नव्हत्या. ती गेली त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्यांचं बघत होत्या, भटजींना काय हवं नको विचारत होत्या, मला जबरदस्तीने दूध पाजत होत्या. दिवसकार्यातही नाही. त्या दुपारी त्या मॉलमध्ये, केक कापणाऱ्या त्या कुटुंबाच्या शेजारी, त्या रडल्या. आवाज न करता, पण सगळं अंग हलत होतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. काय करावं ते मला सुचेना. सासूच्या पाठीवर हात ठेवायची आमच्यात पद्धत नाही. मग मी ठेवला. केक कापणाऱ्या कुटुंबातली एक बाई उठून आली आणि काही न विचारता पाण्याची बाटली ठेवून गेली.

बऱ्याच वेळाने त्या थांबल्या. चेहरा पुसला, अंबाडा चाचपला. "चला," म्हणाल्या, "तुम्हाला परत डोंबिवलीला जायचंय." घराच्या दाराशी त्यांनी मला थांबवलं, आत जाऊन डब्यात भाजलेले बोंबील घालून आणले. ते तिला आवडायचे, मला फारसे नाही. मी घेतले आणि त्या आठवड्यात सगळे खाल्ले.

ऑफिसात एकाने विचारलं, बघितला का, पहिल्यासारखा आहे का? मी म्हटलं, ठीक आहे, बघण्यासारखा आहे. त्याला अजून काहीतरी हवं होतं, पण मी कारखान्यातल्या रंग तपासायच्या लॅबमध्ये निघून गेलो. खरं तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं होतं, ज्याने पहिला पाहिलेलाच नाही. त्याला कदाचित आवडला असेल. आम्ही त्या सिनेमाचे चांगले प्रेक्षक नव्हतो. आम्ही तिथे दुसऱ्याच कोणाला भेटायला गेलेलो.

दिवाळीच्या आधी सासूबाईंची बिल्डिंग खरोखरच रिडेव्हलपमेंटला गेली. नवं घर व्हायला चार-पाच वर्षं तरी लागणार होती. मी त्यांना सांगितलं की डोंबिवलीला माझ्याकडे या. मनापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मालवणजवळ भावाच्या घरी एक खोली आहे, वहिनी बोलावतेय. "तुमच्या घरात सगळीकडे तीच दिसेल मला," म्हणाल्या. "आणि मी असले की तुम्हालाही." सामान बांधायला मी तीन रविवार गेलो. तिच्या शाळेतल्या वस्तू एका खोक्यात होत्या, ते मला देऊ केलं, मी नको म्हटलं, तुमच्याकडेच असू दे. ठाण्याला त्यांना गाडीत बसवून दिलं. खिडकीपाशी उभा होतो तर त्यांनी गजातून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. गाडी हलली तसा काढून घेतला.

आता रविवारी मी त्यांना फोन करतो. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, तिकडे रेंजही धड नसते. त्या वीज गेल्याचं सांगतात, भावाच्या नातीचं सांगतात, कोकमाची सोलं वाळत घातल्याचं सांगतात. मी विचारतो एक, त्या उत्तर देतात दुसरंच. मध्येच आवाज तुटतो. त्या दोनतीनदा हॅलो हॅलो करतात, मग कोणाला तरी म्हणतात, बंद पडला वाटतं, आणि फोन तसाच चालू ठेवून निघून जातात. मला तिकडचे कावळे ऐकू येतात, कोणीतरी अंगण झाडत असतं. मी थोडा वेळ ऐकतो आणि मग फोन ठेवून आंघोळीला जातो.